मेण, राळ आणि सागाची जाळी : घरच्या घरी एन्कॉस्टिक आणि असेंब्लाज सुरू करताना

सागाच्या पानाची जाळी पाऊस सरता सरता सापडते. अळ्या पानातला हिरवा गर खाऊन टाकतात आणि मागे शिरांचं विणकाम तेवढं उरतं. वहीत जपून ठेवलं तरी काही वर्षांत त्याचा भुगा होतो. मधमाशांच्या मेणात बसवलेली अशीच एक जाळी माझ्या घरात सात वर्षं आहे. सकाळचं तिरपं ऊन आलं की तिची सगळ्यात बारीक शीरही दिसते.

मी हे काम शिकायला घेतलं तेव्हा हाताशी आलेली सगळी माहिती परदेशी दुकानांच्या भाषेतली होती. अमुक कंपनीचं भांडं, तमुक कंपनीचं तयार मिश्रण. ते सगळं मागवणं मला परवडणारं नव्हतं. पुढे हळूहळू कळत गेलं की लागणारं बहुतेक सामान आपल्या बाजारात आहे, फक्त वेगळ्या नावांनी आणि भलत्याच दुकानांत. विकत न मिळणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तापमानाची समज. ती यावी, आणि माझं जेवढं मेण, पानं आणि वेळ वाया गेला तेवढा तुमचा जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

नावांचा अर्थ आधी सांगते. वितळलेल्या मेणात रंग कालवून तो फळीवर लावायचा आणि प्रत्येक थर पुन्हा तापवून खालच्या थरात मुरवायचा, याला एन्कॉस्टिक म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘तापवून आत मुरवलेलं’ असा आहे. असेंब्लाज म्हणजे तयार किंवा सापडलेल्या वस्तू जुळवून केलेली रचना. लाकूड, शेंगा, तार, जुनी किल्ली, काहीही चालतं. १९६१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये याच नावाचं मोठं प्रदर्शन झालं आणि शब्द रूढ झाला. निसर्गातल्या वस्तूंसाठी मला या दोन्हींची जोडी आवडते. जोडकाम वस्तूला जागा देतं आणि मेण तिला हवेपासून, ओलीपासून राखतं.

मेण टिकेल का, असं सगळे विचारतात. इजिप्तमधल्या फय्यूम भागात ममींवर बसवलेली माणसांची चित्रं पहिल्या ते तिसऱ्या शतकातली आहेत. त्यातली बरीचशी मेणातली आहेत आणि आजही डोळ्यांतली चमक दिसते. पण ती कोरड्या वाळूत होती. आपल्याकडे पावसाळा आहे. मेणाला ओल लागत नाही, खालच्या लाकडाला लागते. हा फरक पुढे पायरीपायरीला आडवा येणार आहे.

१. जागा आणि सुरक्षितता

हे काम स्वयंपाकघरात करू नका. एकदा मेणाला लावलेलं भांडं, चमचा, गाळणी पुन्हा अन्नाला लावायची नाही. माझं काम मागच्या गॅलरीला लागून असलेल्या सहा बाय आठच्या खोलीत चालतं. एवढी जागा पुरते. मात्र खिडकी हवी आणि त्या खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. मेणाचं भांडं तुमच्या आणि खिडकीच्या मध्ये ठेवा, म्हणजे वाफ तुमच्या तोंडावरून न जाता बाहेर जाईल. छताचा पंखा बंद ठेवावा लागतो, कारण तो वाफ खोलीभर पसरवतो आणि ब्रशवरचं मेण फळीपर्यंत पोचायच्या आत थिजवतो. उन्हाळ्यात म्हणूनच मी सकाळी सात ते दहा एवढंच काम करते.

विजेचं गणित आधी करा. मेणाचे थर तापवून मुरवायला गरम हवेचा झोत सोडणारी हॉट एअर गन लागते. ती साधारण १,८०० वॅटची असते. २३० व्होल्टला ती जवळपास ८ अँपिअर ओढते. साधा ६ अँपिअरचा पॉइंट १,३८० वॅटपर्यंतचाच. गन १६ अँपिअरच्या पॉइंटला लावा. गन आणि रंगाच्या वाट्या गरम ठेवायचा इलेक्ट्रिक तवा एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर कधीही नको.

मेणानं पेट घेतला तर त्यावर पाणी टाकायचं नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण चहूकडे उडतं. बटण बंद करून भांड्यावर घट्ट झाकण ठेवा. ते झाकण कामाच्या वेळी हाताच्या अंतरावरच असू द्या. कोरड्या पावडरचा लहान अग्निशामक दाराजवळ ठेवा, भांड्यामागे नको, नाहीतर ज्वाळेपलीकडे हात घालावा लागेल. गरम मेण अंगावर सांडलं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. मेण लगेच ओढून काढू नका, कातडी निघते. हळद, तूप, टूथपेस्ट यातलं काही लावू नका. भाजलेलं मोठं असेल तर सरळ डॉक्टर गाठा.

२. सामान

एकदम सगळं घेऊ नका. पहिल्या महिन्यासाठी एवढं पुरे:

- मधमाशांचं मेण, १ किलो
- राळ, १०० ते १५० ग्रॅम
- थर्मोस्टॅट असलेला पार्लरचा वॅक्स हीटर
- थर्मोस्टॅटचा सपाट इलेक्ट्रिक तवा
- स्वयंपाकाचा सळईवाला थर्मामीटर
- हॉट एअर गन
- डुकराच्या केसांचे चपटे ब्रश, तीन-चार
- १२ मिलिमीटर प्लायवूडचे तुकडे, तळहाताएवढे, किमान सहा
- बटर पेपर, चिमटा, दाभण, जुना चमचा, मऊ सुती कापड

वॅक्स हीटरचा शोध मला उशिरा लागला. तोवर मी मेण गॅसवर, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवत होते आणि दर वेळी पाण्याचा थेंब मेणात जाऊन तडतडत होता. सौंदर्यप्रसाधनांच्या ठोक दुकानात मिळणारा हीटर याच कामासाठी बनवल्यासारखा आहे. त्याच्या चकतीवरच्या आकड्यांवर मात्र विश्वास ठेवू नका, थर्मामीटरनं मोजा. करोनाच्या काळातला कपाळाचा थर्मामीटर इथे निरुपयोगी आहे, तो तापाच्या पट्ट्याबाहेरचं मोजतच नाही. इन्फ्रारेड घेतलात तर तो मेणावर रोखा. चकचकीत धातूवर रोखला तर चुकीचा आकडा दाखवतो.

इंडक्शन शेगडी टाळा. ती उष्णता झटक्याझटक्यानं देते आणि तळाचं मेण करपतं. कृत्रिम केसांचा ब्रशही नको, गरम मेणात त्याचे केस वळतात आणि वितळतात.

३. मेण ओळखणं

सगळं काम इथे ठरतं, म्हणून जरा थांबून वाचा.

बाजारात ‘मेण’ मागितलं की बहुधा पॅराफिन देतात. ते पेट्रोलियमपासून होतं, मेणबत्तीचं. चित्रासाठी ते ठिसूळ पडतं आणि टवके उडतात. आपल्याला हवं मधमाशांचं मेण, आणि त्यातही भेसळ असते. ओळखायच्या माझ्या खुणा अशा. गार तुकडा मोडला की खऱ्या मेणाचा काप मंद आणि रवाळ दिसतो, चकचकीत नाही. हातात धरून ठेवलं की मऊ पडतं आणि मधाचा वास येतो. पॅराफिन अर्धपारदर्शक आणि निसरडं असतं, वास नसतो किंवा रॉकेलच्या अंगानं जातो.

मिळण्याची खात्रीची जागा म्हणजे मधपाळ. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. अशा भागात मधपाळांकडे थेट विचारलं तर मेण मिळतं. सातेरी माशीच्या पेट्यांतलं मेण असो की आग्या मोहोळाचं, दोन्ही चालतात. कच्चं मेण पिवळं ते तपकिरी असतं. एकदा वितळवून मलमलीतून गाळलं की बराचसा मळ निघतो. पांढरं हवं असेल तर शुभ्र केलेलं मेण वेगळं मिळतं. सालीसाठी, पानांसाठी मी पिवळंच वापरते. त्याच्यामागून दिसणारं पान उन्हात धरल्यासारखं वाटतं.

आता आकडे. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. काम करताना ते ८० ते ९० मध्ये ठेवा. ९५ च्या वर गेलं की वाफ झोंबायला लागते. डोळे चुरचुरले, डोकं जड झालं की समजा आच जास्त आहे. धूर दिसला तर मर्यादा केव्हाच ओलांडलेली आहे. सगळं बंद करून खोलीबाहेर या.

४. राळ मिसळून मिश्रण करणं

नुसतं मेण मऊ राहतं, नखानं ओरखडा उठतो. त्यात राळ घातली की पृष्ठभाग कडक होतो आणि वितळण्याचं तापमानही थोडं वर सरकतं. विदर्भात राहणाऱ्यांना हे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं.

परदेशी लेखांत ‘डॅमर’ हा शब्द येतो. तो डांबराशी जोडू नका. ती आग्नेय आशियातल्या झाडांची फिकट राळ आहे आणि कलासाहित्याच्या दुकानात मिळते. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी राळ शाल वृक्षाची असते, त्याच कुळातली. रंगानं गडद, मेणाला मधाळ छटा देणारी. धोकरा ओतकाम, म्हणजे मेणाच्या प्रतिकृतीवरून धातूच्या मूर्ती ओतण्याचं काम, करणारे कारागीर याच राळेची भर मेणात घालतात, त्यामुळे हे मिश्रण आपल्याला परकं नाही. टाळायचा तो गंधाबिरोजा, म्हणजे पाइनच्या झाडाची राळ. स्वस्त आहे, वितळतोही लवकर, पण पुढे पिवळा पडतो, चिकटतो आणि तडकतो. दुकानदार दोन्हींना राळच म्हणतात. म्हणून कोणत्या झाडाची ते विचारून घ्या.

प्रमाण वजनानं: ८ भाग मेण, १ भाग राळ. म्हणजे ८०० ग्रॅमला १०० ग्रॅम. त्याहून जास्त राळ घालायचा मोह होतो, कारण चकाकी वाढते. पण मग थर काचेसारखा फुटतो.

राळ खलबत्त्यात बारीक कुटा. मेण जाड बुडाच्या भांड्यात वितळवा आणि राळ थोडी थोडी घालत ढवळा. राळ ११० अंशांच्या आसपास विरघळते, म्हणून या एका कामापुरती आच वाढवावी लागते. खिडकी सताड उघडी ठेवा, पंखा चालू ठेवा आणि भांड्याजवळून हलू नका. विरघळली की आच कमी करा, मलमलीतून सिलिकॉनच्या साच्यांत गाळा. राळेत साल, वाळू, कधी मुंगीसुद्धा निघते. वड्या थंड झाल्या की डब्यात भरून तारीख लिहा. वर्षानुवर्षं टिकतात.

५. फळी

मेणाला शोषणारा आणि न वाकणारा आधार लागतो. कॅनव्हास वाकतो आणि मेण तडकतं. सनमायका, ऑइलपेंट लावलेली फळी, किंवा ऍक्रिलिक प्राइमर लावलेली तयार फळी यांवर मेण बसतं पण धरत नाही. माझी सुरुवातीची चार कामं अशा तयार फळीवर होती. वर्षभरात कोपऱ्यातून पापुद्रा सुटला आणि अख्खा थर हातात आला, पानासकट.

नवशिक्यांसाठी सोपा मार्ग: प्लायवूडवर जाडसर हातकागद फेविकॉलनं चिकटवा, वजनाखाली दोन दिवस ठेवा. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद मी वापरते. मेण तो छान पितो.

हात बसला की जुनी पद्धत करून बघा. सुताराकडची सरस १ भाग आणि पाणी १० भाग, रात्रभर भिजवा. पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा, उकळू देऊ नका, तिची पकड जाते. त्यात सरसेच्या द्रावणाच्या साधारण दीडपट वजनाची खडूची भुकटी चाळून घाला. पाच-सहा पातळ हात, प्रत्येक वाळू द्यायचा, शेवटी पॉलिश पेपर. पृष्ठभाग अंड्याच्या कवचासारखा होतो. पावसाळ्यात मात्र सरस वाळत नाही आणि तिला बुरशी येते, म्हणून मी वर्षभराच्या फळ्या मार्च-एप्रिलमध्ये करून ठेवते.

फळीच्या कडा आणि मागची बाजू विसरू नका. ओल तिथूनच शिरते. मागे लाकडाचं वॉर्निश दोन हात लावा आणि पूर्ण वाळल्यावरच गरम कामाला घ्या.

६. रंग

मेणात कोरडी, खनिज भुकटी चालते. हार्डवेअरच्या दुकानात सिमेंटमध्ये घालायचे ऑक्साइड रंग मिळतात, लाल, पिवळा, काळा. ते लोखंडाचे ऑक्साइड असतात, उन्हानं उडत नाहीत आणि मेणाच्या तापमानाला बदलत नाहीत. गेरूही उत्तम. पाण्यात ढवळून ठेवा. खरा गेरू तळाला बसतो आणि वर पाणी बऱ्यापैकी नितळ होतं. पाणी लालच राहिलं तर त्यात रंगद्रव्य मिसळलेलं आहे. निळ्यासाठी अल्ट्रामरीनची भुकटी घ्या. हळद, गुलाल, रांगोळीचे रंग पहिल्या दोन महिन्यांत सुंदर दिसतात आणि मग उडतात.

आता एक गोष्ट ठळकपणे सांगते. शेंदूर, हिंगूळ आणि हरताळ यांना मेणात हात लावू नका. शेंदरात शिसं असतं, हिंगुळात पारा, हरताळात आर्सेनिक. जुन्या कलाकारांनी वापरले म्हणून ते वापरावेत असं नाही. बंद खोलीत, गरम भांड्यापाशी, मुलं घरात असताना तर अजिबात नाही. इतर कोणतीही भुकटी मिसळताना एन-९५ मास्क लावा.

पाव वाटी वितळलेल्या मिश्रणात अर्धा चमचा भुकटी घालून सुरुवात करा. रंगांच्या लहान वाट्या तव्यावर मांडून ठेवल्या की तयार राहतात. सुरुवातीला दोनच रंग घ्या. पानाशेजारी बोलका रंग ठेवला की पान दिसेनासं होतं.

७. काय गोळा करायचं, काय नाही

पायाखाली पडलेलं, भरपूर असलेलं, आणि झाडाला ज्याची गरज उरलेली नाही ते. पिंपळाची जाळीदार पानं. बहाव्याच्या लांब शेंगा. शिरीषाच्या कागदी शेंगा, वाऱ्यात वाजणाऱ्या. मुरुडशेंगेचा पीळ, जो बाळगुटीच्या सामानातही सापडतो. टेटूची तलवारीसारखी शेंग आणि तिच्यातल्या पातळ पंखांच्या बिया, ज्यांच्यासाठी मी खास मेण राखून ठेवते. सुरूची फळं, पोफळीची विरी (झावळीच्या बुडाचं रुंद, वाळकं आवरण), करवंटीचे तुकडे, सावरीचा कापूस. कुडाळला माहेरी गेले की तिसऱ्यांच्या शिंपा जेवणानंतर उकळून, घासून, वाळवून आणते.

काही गोष्टी मोहात पाडतात, त्या अशा.

खाजकुइलीची शेंग वाळली की मखमली, सोनेरी दिसते. ती मखमल म्हणजेच खाजेचे केस. हॉट एअर गनच्या झोतात ते खोलीभर उडतात. गुंजा आणि एरंडाच्या बिया रंगानं देखण्या आणि अतिशय विषारी. गुंजेचं कवच अखंड असतं तोवर विष आत राहतं, पण आपण तार ओवायला भोक पाडतो आणि तेच बाहेर येतं. बिट्टीची बीही तशीच. मुलं किंवा कुत्रा-मांजर असलेल्या घरात या बिया आणूच नका.

कायदाही माहीत हवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यातून काहीही उचलता येत नाही, मग ते संजय गांधी उद्यान असो, कर्नाळा असो की राधानगरी. मोराचं आपोआप गळलेलं पीस घरात ठेवायला हरकत नाही. ते परदेशी नेता येत नाही. इतर पक्ष्यांची पिसं, घरटी, अंडी, साळिंदराचे काटे हे पडलेलं दिसलं तरी तिथेच राहू द्या. समुद्रकिनाऱ्यावरची पोवळी, समुद्रपंखे, समुद्रघोडे हेही तसेच. पूजेच्या सामानात ‘इंद्रजाल’ नावाची काळी जाळीदार ‘वनस्पती’ विकतात. ती वनस्पती नाही, पोवळ्यांच्या जातीचा संरक्षित समुद्रजीव आहे. तिचा आकार बघून मीही एकदा पाकिटापर्यंत हात नेला होता.

आणि देवराई. कायद्याच्या आधीपासून गावांनी तिथली वाळकी काडीही न उचलण्याचा नेम पाळला आहे. आपणही पाळावा.

८. वाळवणं

फसलेल्या दहा कामांतली सहा तरी इथे फसतात. पानात उरलेली ओल मेणाखाली अडकते. गन फिरवली की वाफ होऊन फोड येतात. फोड आले नाहीत तर चार महिन्यांनी पान काळं पडतं. पानं वर्तमानपत्रात दाबा, पहिला आठवडा रोज कागद बदला, मग दोन आठवडे तशीच ठेवा. वाकवलं की कट्कन मोडलं पाहिजे. शेंगा, साल, करवंटी यांना महिनाभर द्या. हिरवा रंग टिकत नाही, हे मनाशी आधीच ठरवा.

किड्यांचं वेगळं. शेंगेच्या आत अंडी असतात आणि मेणातून भोक पाडून भुंगेरा बाहेर आलेला मी पाहिला आहे. वाळलेल्या वस्तू हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर वस्तूवर दव धरतं. माशांनी सोडून दिलेलं पोळं सापडलं तर त्याला हे करावंच लागतं, कारण मेणकिडा पोळ्यावरच जगतो. गाळलेल्या स्वच्छ मेणाकडे तो फिरकत नाही.

९. थर देणं

१. फळी आधी गनने कोमट करा. गार फळीवर मेण वरच्यावर थिजतं आणि आतली हवा टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडते.

२. बिनरंगी मिश्रणाचा एक पातळ हात, एकाच दिशेनं.

३. आता मुरवणं. गन आठ-दहा सेंटिमीटरवर धरून सतत हलती ठेवा. मंद पृष्ठभाग ओला झाल्यासारखा चमकला की पुरे, पुढे सरका. मेण वाहायला लागलं म्हणजे उशीर झाला.

४. दुसरा हात आडव्या दिशेनं, पुन्हा मुरवा. एकही थर न मुरवता सोडू नका. वरून सारखंच दिसतं, पण न मुरवलेले थर एकमेकांना धरत नाहीत आणि एक दिवस पापडासारखे सुटतात.

५. पान चिमट्यानं मिश्रणात बुडवून निथळा, जागेवर ठेवा, वर बटर पेपर धरून चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडे दाबा. वरून अगदी पातळ एक हात. जाड हातानं पान धूसर होतं.

६. यावर गनचा वारा सगळ्यात कमी ठेवा आणि गन लांब धरा, नाहीतर पान उडेल. सावरीचा कापूस, विरीचे धागे, पिसाचे तंतू असतील तर ज्योतीचा टॉर्च वापरूच नका. कापूस डोळ्याचं पातं लवायच्या आत पेटतो.

हेअर ड्रायर चालेल का, असं विचारतात. त्यानं थर मुरत नाही.

थर थंड झाल्यावर मला आवडणारं काम येतं. दाभणानं मेणात रेघा कोरा, त्यात तपकिरी तैलरंग बोटानं भरा, कापडावर जवसाच्या तेलाचा थेंब घेऊन वरचा पुसा. रंग रेघेतच राहतो. पानाची शीर जिथे तुटली असेल तिथून मी अशी पुढे काढते. कागदावरची अक्षरंही मेणावर उतरवता येतात. लेझर किंवा झेरॉक्सची प्रत पालथी ठेवून चमच्यानं घासा, मग ओल्या बोटानं कागद चोळून काढा. अक्षरं उलटी उमटतात, म्हणून प्रत आधी आरशातल्यासारखी काढून घ्या. आजीच्या मोडी पत्रातल्या दोन ओळी मी विरीच्या तुकड्याखाली अशाच उतरवल्या.

ब्रश धुवायचे नाहीत. मेणासकट थिजू द्या, पुढच्या वेळी तव्यावर मऊ होतात. टर्पेन्टाइन गरम खोलीत आणूच नका.

१०. जोडकाम

नियम साधा आहे: मेण कागद, पान, धागा, पातळ साल धरतं. त्याहून जड काहीही तार, खिळा किंवा खुंटीनं धरलं पाहिजे. आधी जोडायचं, मग मेण.

शेंगेला हातानं फिरवायच्या बारीक ड्रिलनं दोन भोकं पाडा. तांब्याची तार ओवून फळीच्या मागे पीळ द्या. लाकडाला लाकूड जोडायला सुतारी गोंद आणि लहान खिळा. दगड, शिंपला यांना दोन भागांचं इपॉक्सी, पूर्ण २४ तास वाळू देऊन. ग्लू गन वापरू नका. तिचा गोंद उष्णतेनंच वितळणारा असतो आणि मेण मुरवताना सगळं घसरतं. झटपट चिकटणारा गोंद तापला की त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. थर्माकोल तर टेबलावरही नको.

खोक्यासाठी नवं लाकूड घ्यायची गरज नाही. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोरबाजार आहे. बंद पडलेल्या छापखान्यांच्या टाइपाच्या केसेस, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं ठेवायचे खणाखणांचे लाकडी ट्रे, कधीकधी तिथे येतात. एका खणात एक बी, एका खणात एक शिंपला, काही खण नुसते मेणाचे. रिकामे खण भरायची घाई करू नका. जुन्या लाकडाला ठोकून बघा, पीठ गळलं तर आत भुंगेरा आहे. तीन-चार दिवस कडक ऊन द्या. रॉकेल चोपडू नका, त्याच लाकडावर उद्या गन फिरणार आहे.

रचना मेणाशिवाय मांडून आठवडाभर तशीच ठेवा आणि येता-जाता बघा. मी दर वेळी त्यातून निम्म्या वस्तू काढते.

११. ठेवणं, टांगणं, पाठवणं

पृष्ठभाग पुरता कडक व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर कधीकधी पांढुरकी साय धरते, विशेषतः थंडीत. ती बुरशी नाही. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं हलक्या हातानं घासलं की जाते आणि खालून चमक येते.

पश्चिमेचं ऊन पडणारी भिंत नको. पावसात ओल धरणारी बाहेरची भिंत नको. मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे छोटे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फळीमध्ये हवा खेळते. आणि मे महिन्यात काम गाडीत ठेवून कुठे थांबू नका. बंद गाडी उन्हात किती तापते ते मला एका दुपारी कळलं. जेवून परत आले तेव्हा पिंपळाचं पान फळीच्या तळाशी सरकलं होतं.

बांधताना आधी बटर पेपर, मग कापड, मग बुडबुड्यांचं प्लास्टिक. प्लास्टिक थेट लावलं तर गोल ठसे उमटतात. परदेशी पाठवायचं असेल तर त्या देशाचे नियम आधी बघा. बिया, साल, पोळं यांवर ऑस्ट्रेलियासारख्या देशांत फार कडक तपासणी असते आणि जाहीर न केलेली वस्तू जप्त होऊ शकते. मेलबर्नला लेकीकडे पाठवलेल्या फळीत म्हणून मी फक्त कागद, तांब्याची तार आणि रंगीत मेण ठेवलं. सागाची जाळी तिनं इथे आल्यावर बघितली, खिडकीपाशी उभी राहून.